के-ड्रामा पाहून त्यावर लिहायचे असेल तर: नवख्या प्रेक्षकासाठी मार्गदर्शन

कोरियन मालिका पाहणारे मराठी घर आता नवलाचे राहिलेले नाही. मुलीने मोबाइलवर सुरू केलेली मालिका आई दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लावून बसते आणि रविवारच्या जेवणावर तिच्यातल्या सासूची चर्चा होते, इथपर्यंत मजल गेली आहे. मात्र ही चर्चा बहुतेकदा ‘नायक फार गोड आहे’, ‘मधले भाग रेंगाळले’, ‘शेवट पटला नाही’ एवढ्यावर येऊन थांबते. ज्यांनी एक-दोन मालिका पाहिल्या आहेत आणि त्यातील पात्रांविषयी व कथनाविषयी जे वाटले ते नीट मांडून लिहावे अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्याचा आग्रह एकच आहे: मनात उमटलेली प्रतिक्रिया खरी मानावी, पण ती ज्या प्रसंगातून उमटली त्या प्रसंगाशी बांधल्याशिवाय तिच्यावरून निकाल देऊ नये. उदाहरणे मुख्यतः ‘रिप्लाय १९८८’, ‘माय मिस्टर’ आणि ‘स्काय कॅसल’ या तीन मालिकांतून घेतली आहेत. त्यांचे कथानक, काही ठिकाणी शेवटासह, पुढे उघड होणार आहे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

पहिली पायरी: मालिका निवडणे

सुरुवात कोरियन मालिकेने करावी, असे सुचवण्याचे कारण तिच्या लांबीत आहे. कोरियन मालिका साधारणपणे सोळा भागांची असते, प्रत्येक भाग तासाभराचा किंवा थोडा अधिक असतो आणि आठवड्यात लागोपाठच्या दोन रात्री दोन भाग दाखवण्याची तिथे रूढी आहे. जपानी मालिका त्याहून आटोपशीर, म्हणजे पाऊण तासाच्या दहा-अकरा भागांची असते. पण तिचा संयत सूर अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो. चिनी ऐतिहासिक मालिका चाळीस भागांच्या पुढे सहज जातात. ‘स्टोरी ऑफ यानशी पॅलेस’चे सत्तर भाग आहेत. पहिल्याच प्रयत्नात एवढा पसारा हाती घेतला तर टिपणे काढण्याचा उत्साह विसाव्या भागापर्यंतही टिकत नाही.

आपल्या रोजच्या मराठी मालिकांची सवय असलेल्या प्रेक्षकाला येथे एक बदल जाणीवपूर्वक करावा लागतो. रोजची मालिका टीआरपी असेपर्यंत चालते, गरजेप्रमाणे तिच्यात पाणी घातले जाते आणि प्रेक्षकाचे लक्ष ‘आता पुढे काय’ यावर खिळलेले असते. सोळा भागांच्या मालिकेला शेवट ठरवून दिलेला असतो. त्यामुळे दुसऱ्या भागात दिसलेली एखादी क्षुल्लक वस्तू चौदाव्या भागात परत येण्याची दाट शक्यता असते, आणि पाहणाऱ्याने ‘हे आत्ता का दाखवले’ हा प्रश्न मनात ठेवलेला फायद्याचा ठरतो.

निकाल देण्यापूर्वी किमान चार भाग पाहावेत. ‘स्काय कॅसल’ २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जेटीबीसी या वाहिनीवर सुरू झाली तेव्हा पहिल्या भागाचे रेटिंग १.७ टक्के होते. २०१९ च्या फेब्रुवारीत शेवटच्या भागाला ते २३.८ टक्क्यांवर पोहोचले. ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू’ ही २०२२ ची मालिका ०.९ टक्क्यांपासून १७.५ टक्क्यांपर्यंत गेली. खुद्द कोरियातल्या प्रेक्षकांनाही पहिल्या भागात सगळे कळलेले नव्हते, हे ध्यानात ठेवावे.

निवडीबरोबर मालिकेचा प्रकारही समजून घ्यावा. राजवाड्याची आणि इतिहासाची मालिका म्हणजे सागूक. सूड, जन्माची गुपिते, मेलेली माणसे जिवंत परत येणे असा मुद्दाम अतिरेक करणारी मालिका म्हणजे माकजांग. ‘द पेंटहाउस’सारख्या माकजांगमध्ये वास्तव शोधणे आणि मग ते सापडले नाही म्हणून तक्रार करणे, ही टीका होत नाही. मालिकेने कोणता शब्द दिला होता आणि तो पाळला का, एवढेच विचारावे.

दुसरी पायरी: कान तयार करणे

घरातील ज्येष्ठांसोबत पाहायचे असेल तर हिंदी डबिंग सोयीचे असते आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पात्रांवर लिहायचे असेल तर मात्र मूळ आवाज आणि खाली सबटायटल, असेच पाहावे. कोरियन माणूस वयाने, पदाने किंवा ओळखीने आपण कुठे उभे आहोत हे पाहून वाक्याचा शेवट बदलतो. आदराने बोलताना वाक्य बहुधा ‘यो’ किंवा ‘निदा’ अशा ध्वनीवर संपते. सलगीत किंवा अपमानात तो शेवट गळून पडतो. इंग्रजी सबटायटलमध्ये यातले काहीही उरत नाही. अहो-जाहो आणि अरे-तुरे यांतला फरक लहानपणापासून कानात असलेल्या मराठी प्रेक्षकाला हा बदल दोन-तीन भागांत ऐकू येऊ लागतो. ज्या प्रसंगात एखाद्याचा ‘यो’ अचानक नाहीसा होतो, तो प्रसंग वहीत टिपावा. तिथे नाते एक पायरी सरकलेले असते.

नावांचा गोंधळ पहिल्या आठवड्यात सर्वांचा होतो. आडनाव आधी येते, विवाहानंतर स्त्री आपले आडनाव बदलत नाही, त्यामुळे आई आणि मुलगी यांची आडनावे वेगळी असतात, आणि शेजारीपाजारी बाईला तिच्या मुलाच्या नावाने, ‘अमक्याची आई’ असे हाक मारतात, जी रीत आपल्या चाळींतही होतीच. ‘रिप्लाय १९८८’मध्ये तर गल्लीतल्या आईवडिलांच्या पात्रांना त्या त्या कलाकारांचीच नावे दिलेली आहेत. वयाचाही एक हिशेब आहे: जन्मतःच एक वर्ष धरून दर नववर्षाला एक वाढवण्याची कोरियन पद्धत सरकारी व्यवहारातून २०२३ च्या जूनमध्ये गेली, म्हणून त्याआधीच्या मालिकेत वीस वर्षांची म्हणवणारी मुलगी आपल्या हिशेबाने अठरा-एकोणीस वर्षांची असू शकते. तिच्या वागण्याला पोरकट ठरवण्यापूर्वी हा हिशेब करावा.

तिसरी पायरी: पाहताना टिपणे काढणे

एका रात्रीत पाच-सहा भाग संपवणाऱ्याच्या हाती शेवटी फक्त एक सरसकट भावना उरते. मालिका आठवड्याला दोन भाग या लयीसाठी रचलेली असते. दुसऱ्या भागाचा शेवट आठवडाभर डोक्यात घोळावा म्हणूनच तो तसा लिहिलेला असतो. नोकरी-धंदा सांभाळून ही लय जशीच्या तशी पाळणे जमणार नसेल, तर निदान दिवसाला एकच भाग पाहावा. भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी आणि पाच मिनिटे वही घेऊन बसावे.

वहीत भागाचा क्रमांक, साधारण मिनिट, काय घडले आणि आपल्याला काय वाटले, एवढे या क्रमाने लिहावे. कारण अद्याप लिहू नये. ‘घडले’ या रकान्यात कॅमेऱ्याला दिसेल तेवढेच येऊ द्यावे. ‘आईने तिच्यावर अन्याय केला’ हे घडणे नसून आपला निष्कर्ष आहे.

‘रिप्लाय १९८८’च्या पहिल्या भागावरून हे स्पष्ट होईल. सोलमधील सांगमुन-दोंग भागातल्या एका गल्लीत पाच कुटुंबे राहतात. दॉक-सन ही अर्ध्या तळघरात राहणाऱ्या कुटुंबातली मधली मुलगी. थोरली बहीण बो-रा आणि तिचा वाढदिवस काही दिवसांच्या अंतराने येतो, म्हणून दरवर्षी दोघींचा मिळून एकच केक आणला जातो. थोरलीने मेणबत्त्या विझवल्या की त्यांतल्या काही काढून त्याच केकवर धाकटीचा वाढदिवस उरकतात. या वर्षी असे करू नका, असे दॉक-सनने आधी बजावलेले असते, तरीही तसेच होते, आणि ती फुटते. अंडी बहिणीला आणि भावाला, मला नाही. कोंबडीची तंगडी त्या दोघांना, मला नाही. त्यांची नावे सुंदर, आणि माझेच नाव दॉक-सन का, असे ती रडत विचारते. या प्रसंगाचे टिपण ‘दॉक-सनचे दुःख हृदयस्पर्शी आहे’ असे लिहिले तर त्यातून पुढे काही हाती लागत नाही. ‘मेणबत्त्या काढल्या, अंडे, तंगडी, नाव या क्रमाने तक्रार, नावाच्या वेळी मला गलबलून आले, अंड्याच्या वेळी किंचित हसू आले’ असे लिहिले, तर लेखकाने हसण्यातून रडण्याकडे आपल्याला कसे नेले ते दोन दिवसांनी वही उघडल्यावरही दिसते. तक्रारीची सुरुवात खाण्यापासून आहे आणि शेवट आपण या घरात कोण आहोत या प्रश्नापाशी आहे. हा चढ टिपणातच सापडतो.

त्याच भागातील संध्याकाळच्या जेवणाचा प्रसंगही असाच टिपण्याजोगा आहे. एका घरातून दुसऱ्या घरी काहीतरी वाडग्यात घालून मुलाला पाठवले जाते, त्या घरातून रिकामे वाडगे परत न देता त्यात दुसरे काही घालून दिले जाते, आणि गल्लीभर मुलांची ये-जा होता होता प्रत्येक घराचे साधे जेवण ताट भरून जाते. शेजाऱ्यांची वाटी रिकामी परत न करण्याचा संकोच बाळगणाऱ्या आपल्या घरांतल्या माणसाला हे पाहताना ओळखीचे वाटणारच. ती ओळख टिपणात अवश्य लिहावी, पण ‘आपली मूल्ये सारखीच आहेत’ अशा वाक्याकडे उडी मारू नये. त्या प्रसंगाचे कथनातले काम अधिक नेमके आहे: फारसा संवाद न खर्चता पाच घरे, त्यांतली मुले, कोणाची ऐपत किती आणि कोण कोणाशी कसे वागते, हे सर्व तीन-चार मिनिटांत प्रेक्षकाला सांगून होते.

चौथी पायरी: पात्राची आवड आणि पात्राची घडण वेगळी करणे

नवख्याच्या लिखाणात सर्वांत जास्त घसरण येथे होते. ‘मला हे पात्र आवडले नाही’ आणि ‘हे पात्र नीट लिहिलेले नाही’ ही दोन निरनिराळी विधाने आहेत, आणि पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही.

‘स्काय कॅसल’मधली हान सो-जिन घ्यावी. श्रीमंत डॉक्टर-प्राध्यापकांच्या बंदिस्त वसाहतीत राहणारी ही बाई मुलीला सोल राष्ट्रीय विद्यापीठात वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळावा म्हणून किम जू-यंग नावाच्या शिक्षण-सल्लागार बाईच्या हाती घर सोपवते, तिच्यामुळे दुसऱ्या एका घराचा सर्वनाश झाल्याचे कळल्यानंतरही तिला सोडत नाही. ती खोटे बोलते, माणसे वापरते, आपला गरिबीतला जन्म आणि मूळ नावसुद्धा लपवून बसते. तिचा राग येणे स्वाभाविक आहे. आता तीन प्रश्न विचारावेत: तिला नेमके काय हवे आहे, ते मिळवण्यासाठी ती काय करते, आणि ती जे करते ते तिच्या भूतकाळातून निघते का. तिन्हींची उत्तरे मालिकेत सापडतात. आपल्या वाट्याला आलेली अप्रतिष्ठा मुलीच्या वाट्याला येऊ नये ही तिची भीती प्रत्येक निर्णयामागे दिसते. लातूर पॅटर्न, नीटचे क्लास आणि शेजारच्या मुलाचे गुण यांच्या धाकात दोन वर्षे काढलेल्या महाराष्ट्रातील पालकांना तर तिचा राग येता येता मध्येच गप्प व्हायला होईल. म्हणजे पात्र नावडते आहे आणि उत्तम लिहिलेले आहे. टिपणात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहू द्याव्यात.

उलट प्रकारही असतो. गरीब पण सदैव हसतमुख, अपमान झाला तरी मनात किल्मिष न ठेवणारी नायिका कोरियन मालिकांत इतकी येते की तिला तिथे ‘कँडी’ असे नावच पडले आहे. ती आवडते, पण तिला काय हवे आहे असे विचारले तर ‘नायक’ याखेरीज उत्तर मिळत नाही. आवडणारे पात्र असे पोकळ निघाले तर तेही प्रामाणिकपणे लिहावे.

‘माय मिस्टर’मधली ली जी-आन या दोन्हींच्या पलीकडची आहे. २०१८ च्या मार्च ते मे या काळात टीव्हीएन वाहिनीवर आलेल्या या मालिकेत आययू या गायिका-अभिनेत्रीने ती साकारली आहे. एकवीस वर्षांची ही कंत्राटी कर्मचारी कचेरीतून इन्स्टंट कॉफीच्या पुड्या चोरते आणि रात्री घरी त्याच गरम पाण्यात ढवळून पिते. अनेकदा तिचे जेवण म्हणजे तेच. पहिल्या भागात ती एक शब्दही सरळ बोलत नाही, साहेबाच्या खणातील गिफ्ट व्हाउचर उचलते, आणि नंतर पैशांसाठीच त्याच्या फोनवर पाळत ठेवू लागते. मालिका सुरू झाली तेव्हा मध्यमवयीन पुरुष आणि कोवळ्या वयाची मुलगी यांच्या जोडीवर, तसेच पहिल्या भागात तिला झालेल्या मारहाणीच्या चित्रणावर कोरियात जोरदार आक्षेप घेतले गेले. मालिका पूर्ण पाहिलेल्या पुष्कळ जणांचे मत पुढे बदलले. सुरुवातीचा आक्षेप चुकीचा होता असे मला वाटत नाही. पहिल्या दोन भागांपुरता तो योग्यच होता. म्हणून टिपणावर भागाचा क्रमांक घालावा आणि मत बदलले तरी जुने टिपण खोडू नये. कोणत्या प्रसंगात मत फिरले, हेच पुढे लेखाचा गाभा होते. पुष्कळांच्या बाबतीत तो प्रसंग म्हणजे जी-आन आपल्या बहिऱ्या आजीला चंद्र दाखवायला दुकानातली ढकलगाडी पळवून नेते तो. त्याच रात्री साहेब पार्क दोंग-हून आजीला उचलून पायऱ्यांवरून वर पोहोचवतो आणि जाताना जी-आनला एवढेच म्हणतो की तू गुणी आहेस. या मुलीला आजवर कोणी असे म्हटलेले नाही, हे आपल्याला तिच्या चेहऱ्यावरून कळते.

आणखी एक गोष्ट. कोरियन मालिकांचा जीव बहुधा दुय्यम पात्रांत असतो: ‘माय मिस्टर’मधले तिघे भाऊ आणि त्यांचा मोहल्ल्यातला गुत्ता, ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मधले उत्तर कोरियाचे जवान आणि खेड्यातल्या बायका. केवळ नायक-नायिकेवर लिहून मालिकेवर लिहिले असे मानू नये.

पाचवी पायरी: कथन वाचणे

कथनाविषयी लिहायचे म्हणजे कथानक पुन्हा सांगायचे नसते. कोणाला काय माहीत आहे, ते प्रेक्षकाला केव्हा कळते आणि कोणाच्या मार्फत कळते, हे पाहायचे असते.

‘माय मिस्टर’ने यासाठी एक फार नामी युक्ती वापरली आहे. दोंग-हून हा अबोल स्थापत्य-अभियंता आहे. तो आपले दुःख बायकोला सांगत नाही, भावांना सांगत नाही. पण जी-आनने त्याच्या फोनमध्ये पाळतीची सोय करून ठेवली आहे, त्यामुळे त्याची पावले, त्याचे उसासे, दारू पिताना मित्राशी बोललेले अर्धे वाक्य, हे सगळे ती इयरफोनमधून ऐकते, आणि तिच्याबरोबर आपणही ऐकतो. एका माणसाच्या मनाचा ठाव प्रेक्षकाला निवेदनातून किंवा स्वगतातून लागत नाही. तो दुसऱ्या माणसाच्या ऐकण्यातून लागतो. पाळत ठेवणे हा गुन्हा आहे, आणि त्या गुन्ह्यातूनच तिला त्याच्याविषयी आदर वाटू लागतो. हे लक्षात आले की ‘ही प्रेमकथा आहे की नाही’ या वादापेक्षा अधिक मोलाचे काहीतरी लिहिता येते.

‘रिप्लाय १९८८’चे कथन याच्या उलट, प्रेक्षकाशी लपंडाव खेळणारे आहे. मध्यमवयीन दॉक-सन आणि तिचा नवरा आज बसून जुन्या आठवणी सांगत आहेत अशी चौकट सुरुवातीपासून आहे, पण तो नवरा गल्लीतल्या मुलांपैकी कोण हे शेवटच्या टप्प्यापर्यंत लपवलेले आहे. फटकळ, मनातले न बोलणारा जंग-ह्वान की गो या पटावरील खेळात निष्णात असलेला, एरवी साध्या गोष्टीही न जमणारा थेक, यावरून कोरियातील प्रेक्षकांचे सरळ दोन तट पडले. थेकची निवड झाल्यावर जंग-ह्वानच्या बाजूचे प्रेक्षक अक्षरशः हळहळले. नायकाऐवजी दुसऱ्याच मुलावर जीव जडण्याला या मालिकांचे चाहते ‘सेकंड लीड सिंड्रोम’ म्हणतात. हा रोग प्रत्येकाला एकदा होतोच, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

अशा वेळी ‘लेखिकेने फसवले’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरून मागे जावे आणि पुरावा तपासावा. थेकने मित्रांसमोर आपल्याला दॉक-सन आवडते असे उघड सांगितलेले आहे, तर जंग-ह्वान ते ऐकून गप्प बसलेला आहे. अठराव्या भागात दोघेही तिच्याकडे निघतात. जंग-ह्वानला लाल दिवे लागत जातात, थेक आपला सामना सोडून आधी पोहोचतो. आणि जंग-ह्वान स्वतःच मनाशी कबूल करतो की दोष त्या दिव्यांचा नव्हता, वेळोवेळी कच खाण्याचा होता. येथवर लेखिका ली उ-जंग यांचा हिशेब चोख आहे. पण त्यानंतरच्या दोन भागांत जंग-ह्वान कथेतून जवळजवळ नाहीसा होतो, आणि आजच्या काळातल्या नवऱ्याचे वागणे तरुणपणीच्या थेकपेक्षा जंग-ह्वानशी अधिक जुळते. या दोन तक्रारींना मात्र आधार आहे, आणि त्या ठामपणे लिहाव्यात. निवड पटण्याजोगी आहे, तिच्यासाठी घातलेले कोडे तितकेसे प्रामाणिक नाही, असे माझे मत आहे.

सहावी पायरी: मालिका कशी बनते याची माहिती ठेवणे

कोरियन मालिकांचे चित्रीकरण बराच काळ प्रक्षेपणाबरोबरच चालत असे. पहिले काही भाग तयार असत, पुढचे आठवड्यागणिक लिहिले आणि चित्रित केले जात. प्रक्षेपणाच्या दिवसापर्यंत संहितेची पाने येत राहत. लोकांना आवडलेले पात्र वाढे, रेटिंग चांगले असेल तर भागही वाढवले जात. दहाव्या-बाराव्या भागाच्या सुमारास जुन्या मालिका का रेंगाळतात, आठवणींची दृश्ये पुन्हा पुन्हा का लावली जातात, याचे एक कारण येथे आहे. २०१६ ची ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ ही संपूर्ण चित्रीकरण आधी उरकून कोरिया आणि चीनमध्ये एकाच वेळी दाखवली गेली. पुढे आठवड्याला कमाल ५२ तास काम हा कायदा २०१८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या आल्या, तसतशी आधी तयार करून ठेवण्याची पद्धत वाढली. म्हणून मालिकेचे वर्ष टिपणात सुरुवातीलाच लिहावे.

पात्रे अधूनमधून एखाद्या ठराविक दुकानातच सँडविच खातात किंवा ताण आला की पाकिटावरचे नाव दिसेल अशा बेताने गोळी चघळतात, तो जाहिरातीचा भाग असतो. अशा जाहिरातींना तिथे २०१० पासून परवानगी आहे. त्यावर रागावून परिच्छेद खर्च करण्याची गरज नाही. ‘विन्चेन्झो’ या २०२१ च्या मालिकेत मात्र चिनी कंपनीच्या तयार बिबिंबापची (भात-भाज्यांचा कोरियन पदार्थ) अशी जाहिरात आली तेव्हा कोरियन प्रेक्षक इतके खवळले की तो प्रसंग नंतर काढावा लागला. त्याच वर्षी ‘जोसन एक्झॉर्सिस्ट’ ही एसबीएस वाहिनीची मालिका इतिहासाचा विपर्यास आणि जोसन या जुन्या कोरियन राजवटीच्या काळातल्या मेजवानीत चिनी वळणाचे पदार्थ, अशा आक्षेपांमुळे जाहिरातदारांनी पाठ फिरवल्यावर अवघ्या दोन भागांनंतर बंद झाली. मेजावरच्या ताटांकडे आपले लक्षही जाणार नाही. तिथल्या प्रेक्षकाला ती टोचली. कोणती गोष्ट आपल्याला टोचत नाही, याचीही नोंद करायला यातून शिकता येते.

ही माहिती कारण सांगते, सूट देत नाही. कंटाळा आला असेल तर तो आला असेच लिहावे.

सातवी पायरी: टिपणांवरून लेख करणे

मालिका संपली की दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग वही वाचावी. जी प्रतिक्रिया सर्वांत तीव्र आहे ती निवडून तिचे कारण शोधायला बसावे. ‘दे जांग गम’ या २००३ च्या गाजलेल्या मालिकेत, जी दूरदर्शनवरही दाखवली गेली होती, राजवाड्याच्या मुदपाकखान्यात एका पदार्थातील गोडी कशाची असे विचारले जाते. इतर जणी साखर वगैरे अंदाज करतात. छोटी जांग-गम पर्सिमन या गोड फळाचे, पिकलेल्या पर्सिमनचे, नाव घेते. कशावरून, असे विचारल्यावर ती गोंधळून सांगते की मला ती चव लागली म्हणून मी म्हटले. प्रेक्षक म्हणून तेवढे उत्तर पुरेसे आहे. लिहिणाऱ्याला मात्र पुढे जाऊन पर्सिमन पातेल्यात कुठून आले ते दाखवावे लागते.

लेख चारशे ते सहाशे शब्दांचा असावा. कथानकासाठी एक परिच्छेद पुरे. त्यानंतर निवडलेला प्रसंग जवळून, भागाच्या क्रमांकासह सांगावा, मग आपली प्रतिक्रिया, मग तिचे कारण, आणि त्या कारणाला छेद देणारा दुसरा एखादा प्रसंग आठवत असेल तर तोही. रहस्य उघड करणार असाल तर पहिल्या परिच्छेदातच तशी सूचना द्यावी. शेवटाविषयी लिहिताना ‘सुखान्त आवडला नाही’ असे न म्हणता तो सुखान्त कशामुळे उपरा वाटला ते लिहावे. ‘स्काय कॅसल’च्या अखेरच्या भागात सगळी घरे एका तासात शहाणी होतात, आणि एकोणीस भाग जिने भीती दाखवली त्या मालिकेला ही घाई शोभत नाही, असे कोरियातही पुष्कळांनी म्हटले आहे. कलाकारांची आणि पात्रांची नावे देवनागरीत एकदा जशी लिहाल तशीच लेखभर ठेवावीत. इतरांची मते आपला मसुदा पूर्ण होईपर्यंत वाचू नयेत. एकदा वाचली की आपली प्रतिक्रिया कोणती आणि उसनी कोणती हे ओळखता येत नाही.

चार-पाच लेख हातून झाले की पुढचा सराव म्हणून एकच कथा निरनिराळ्या देशांत पाहावी. योको कामिओ यांची एक जपानी चित्रकथा तैवानमध्ये २००१ साली ‘मेटिऑर गार्डन’ झाली, जपानमध्ये २००५ साली मालिका झाली, कोरियात २००९ साली ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’ झाली, २०१८ साली चीनमध्ये आणि २०२१ साली थायलंडमध्ये पुन्हा आली. गरीब मुलगी, श्रीमंत शाळेतले चार उर्मट मुलगे आणि त्यांतल्या सर्वांत उर्मट मुलाचे तिच्यावर बसलेले मन, एवढा सांगाडा सगळीकडे तोच आहे. प्रत्येक आवृत्तीचे पहिले दोनच भाग पाहावेत आणि नायिका त्या मुलाला पहिल्यांदा उलटून उत्तर देते तो प्रसंग शोधावा. ती कुठे उभी आहे, आजूबाजूला कोण पाहत आहे, कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर थांबतो आणि मुलगा नंतर तिच्या मनगटाला धरून ओढतो की नाही, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक आवृत्तीसाठी वहीत एकाखाली एक लिहाव्यात. तुलनेच्या लेखासाठी लागणारा निम्मा ऐवज तिथेच जमा होतो.